नाव शेवटी

आपल्याकडच्या कविसंमेलनाचा क्रम ठरलेला आहे. सूत्रसंचालक आधी कवीचे नाव घेतो, मग त्याचे संग्रह, पुरस्कार, गाव. टाळ्या पडतात आणि त्यानंतर कविता येते. ती ऐकण्याआधीच तिच्याविषयी आपले अर्धेअधिक मत तयार झालेले असते. हायकूच्या कार्यशाळेत मी हा क्रम उलटा लावते. आधी तीन ओळी, मग त्या कोणाला का आवडल्या ते, आणि नाव सगळ्यात शेवटी. ही युक्ती माझी नाही. जपानमध्ये अशा बैठकीला कुकाई म्हणतात आणि तिथली हायकू लिहिणारी मंडळी आजही अशीच जमतात.

पद्धत सोपी आहे. प्रत्येकाने तीन हायकू लिहायचे, प्रत्येक वेगळ्या चिठ्ठीवर, नाव न घालता. चिठ्ठ्या एकत्र करून मिसळायच्या आणि पुन्हा वाटायच्या. वाट्याला आलेल्या चिठ्ठ्या प्रत्येकाने एका कागदावर आपल्या हाताने उतरवून काढायच्या, म्हणजे मूळ अक्षर कोणाला ओळखू येत नाही. मग हे कागद हातोहात फिरतात. जो तो आवडलेल्या ओळी वहीत टिपतो आणि अखेरीस त्यांतले पाच हायकू निवडतो. स्वतःचा निवडायचा नाही, एवढाच नियम. मग एकेकाची निवड मोठ्याने वाचली जाते आणि ज्याचा हायकू वाचला गेला, तो आपले नाव सांगतो. जी चिठ्ठी कोणीच निवडली नाही, तिचा मालक कोण हे कायमचे गुलदस्त्यात राहते.

उतरवून काढण्याची पायरी लोकांना वेळखाऊ वाटते. ‘झेरॉक्स काढू या का?’ असे कोणीतरी विचारतेच. पण दुसऱ्याच्या ओळी स्वतःच्या हाताने लिहिताना जादाचे विशेषण हाताला जाणवते. डोळा त्यावरून सहज पुढे गेला असता, हात थबकतो. संपादनाचा पहिला धडा इथेच मिळतो, आणि तोही मी काही न शिकवता.

हायकू म्हटले की डोंगरातल्या झोपडीत एकटा बसलेला कवी आपल्या डोळ्यांपुढे येतो. बाशो (१६४४–१६९४) झोपडीत राहिला हे खरे, पण त्याची कविता माणसांच्या बैठकीत घडली. साखळीने रचल्या जाणाऱ्या कवितेचा तो गुरू होता. पाहुण्याने ऋतूचा उल्लेख असलेला पहिला चरण द्यायचा, यजमानाने त्याला दुसरा जोडायचा आणि असे करत छत्तीस चरणांपर्यंत जायचे, हा त्याचा आवडता प्रकार. १६८९ मध्ये तो उत्तरेच्या लांबच्या प्रवासाला निघाला, तेव्हाही वाटेतल्या मुक्कामांवर अशा बैठका होत गेल्या. त्या पहिल्या चरणाला पुढे साखळीतून मोकळे केले आणि ‘हायकू’ हे नाव रुळवले ते मासाओका शिकीने (१८६७–१९०२). क्षयाने तो अंथरुणाला खिळला होता, तरी टोकियोच्या नेगिशी भागातल्या त्याच्या घरी मित्र आणि शिष्य जमत, एकमेकांच्या कविता निवडत, त्यांवर वाद घालत. गुरूच्या शिक्क्यावर चालणारी त्या काळची रीत त्याला मान्य नव्हती. थोडक्यात, हायकूच्या जन्मापासूनच आजूबाजूला वाचणारी माणसे आहेत.

मराठीत हायकू रुजवला शिरीष पै यांनी, १९७० च्या दशकात. शांता शेळके यांनी ‘पाण्यावरच्या पाकळ्या’मध्ये जपानी हायकू मराठीत आणले. शिरीषताईंच्या वाटेने आलेला मराठी हायकू तीन ओळींचा, आणि त्यांतल्या दोन ओळींत बहुधा यमक असते. त्यामुळे कार्यशाळेत पहिला वाद हटकून होतो: पाच-सात-पाच मोजायचे की यमक साधायचे? जपानी मोजणी आपल्या अक्षरांसारखी नसते. तिथे दीर्घ स्वर दोन मोजतात आणि ‘टोकियो’ची चार एकके होतात. सतरा मराठी अक्षरांत जपानीपेक्षा बराच जास्त मजकूर मावतो, आणि नेमकी तीच अडचण होते. म्हणून मी मोजायला सांगत नाही आणि यमकालाही अडवत नाही. ‘वळीव येऊन गेला / दोरीवर सुकलेला सदरा / पुन्हा ओला’ असे कोणी लिहिले, तर ते यमक गुपचूप आपले काम करते. यमकासाठी दोरीवर नसलेली शाल आणून वाळत घातली, की मग भांडण.

एका कार्यशाळेत शिक्षकांच्या चिठ्ठ्यांत ही एक होती:

शाळा पडली ओस ओस
आठवणींनी भरून आला
एकाकी उदास फळा

ती कोणीच निवडली नाही. दुपारच्या सत्रात मी तीच घेतली आणि सगळ्यांना विचारले, फळा उदास आहे हे तुम्हाला कशावरून कळले? बराच वेळ कोणी बोलेना. मग कोणीतरी म्हणाले, फळ्यावर काय दिसते ते सांगा ना. सुविचार, पट, उपस्थिती, अशी यादी होऊ लागली. मागच्या बाकावरून आवाज आला, ‘तारीख. शेवटच्या दिवसाची. ती कोण पुसणार?’ मग आम्ही ‘ओस’, ‘आठवणी’, ‘एकाकी’, ‘उदास’ एकेक करून खोडले आणि उरले ते असे:

मे सरत आला
फळ्यावर अजून
एप्रिलची तारीख

आता मुले नसणे कोणी सांगत नाही, पण वाचणाऱ्याला ते कळते. ती चिठ्ठी कोणाची होती, हे मला आजही माहीत नाही. बहुधा तिचा मालकही खोडणाऱ्यांत सामील असावा. नाव चिकटलेले असते, तर चारचौघांत त्याला हे जमले असते असे वाटत नाही. आम्हालाही त्याच्यादेखत खोडायला धीर झाला नसता.

ऋतुशब्दांचा सराव मला सर्वांत आवडतो. जपानी कवींकडे ऋतुशब्दांचे कोश असतात. चार ऋतू आणि नववर्ष अशा विभागांत फुले, सण, खाद्यपदार्थ, हवामान सगळे मांडलेले असते. आपल्याकडे असा कोश हाताशी नाही, पण पंचांगातली पावसाची नक्षत्रे शेतकऱ्याच्या घरात सर्वांना पाठ असतात, आणि मृगाची सर नि हस्ताचा गडगडाट यांत कोणी गल्लत करत नाही. मी प्रत्येकाला आपल्या गावाची यादी करायला सांगते. कोकणातल्या बाई पागोळ्या, रापण आणि सड्यावरची फुले लिहितात. विदर्भातले गुरुजी मोहफुले, नवतपा आणि वाळा लावलेला कूलर लिहितात. कूलर म्हटल्यावर सगळे हसतात. पण कूलरच्या आवाजात अख्खा विदर्भी उन्हाळा आहे, हे दोन मिनिटांत सगळ्यांना पटते.

वाचनाची शिस्तही वेगळी. हायकू दोनदा वाचायचा, मध्ये थोडे थांबायचे, आणि प्रस्तावना अजिबात नाही. ‘ही कविता मला सुचली तेव्हा मी एसटीत होतो’ असे सांगायची सोयच राहत नाही, कारण ज्याचा हायकू तो वाचतच नाही. आपल्या ओळी परक्या आवाजात ऐकताना मुरलेले कवीही अस्वस्थ होतात. जिथे त्यांनी मनात थांबा धरला होता, तिथे वाचणारा थांबत नाही. मग कळते, की तो थांबा कागदावर नव्हताच.

शिक्षकांपुढचा प्रश्न याहून रोकडा असतो. ‘हे सगळे वर्गात घेऊ, पण गुण कशाला द्यायचे?’ प्रश्न रास्त आहे. ‘कवीला काय म्हणायचे आहे’ याचे उत्तर तपासायची त्यांच्या हाताला सवय आहे. तीन ओळींसमोर लाल पेन काय करणार? अशा वेळी मी मात्सुयामाचे उदाहरण देते. शिकीच्या या गावात १९९८ पासून दर उन्हाळ्यात शालेय मुलांची हायकू स्पर्धा होते. पाच-पाच जणांचे संघ समोरासमोर बसतात, एकमेकांच्या हायकूंना प्रश्न विचारतात, उत्तरे देतात. परीक्षक लाल किंवा पांढरे निशाण वर करतात. गुण हायकूला असतातच, शिवाय तो कसा वाचला, त्याच्याविषयी काय बोलले, यालाही असतात.

म्हणून मी शिक्षकांना सांगते: मुलाने लिहिलेल्या हायकूला गुण देऊ नका. त्याने दुसऱ्याचा कोणता निवडला आणि का, हे त्याला दोन वाक्यांत लिहू द्या. गुण त्याला द्या. ‘छान आहे म्हणून’ला शून्य. ‘फळ्यावरची तारीख माझ्या वर्गातही तशीच होती’ला पैकीच्या पैकी. वर्गात चाळीस मुले असली, तर चाळिसांनीही कवी व्हायची गरज नाही. चाळिसांनाही वाचता मात्र आले पाहिजे, आणि ते तपासता येते.