आईसाठी पेटी, ब्राइसच्या वाटेवर

"तंबूत झोपायचं म्हटलं तर माझे गुडघे ऐकायचे नाहीत," आईने गेल्या वर्षीच सांगून टाकलं होतं. म्हणून यंदा ती डेन्व्हरला यायच्या आधी मी पिकअपवर बसेल अशी राहायची पेटीच बांधायला घेतली.

भिंती सँडविच पॅनेलच्या. बाहेरून-आतून फायबरग्लासचा पातळ थर, मध्ये दीड इंच फोम. फोम बोटाने दबतो, थर हाताने वाकतो. पण इपॉक्सीने एकजीव झाले की वर उभं राहिलं तरी हलत नाहीत. स्क्रू मात्र फोममध्ये धरत नाही. म्हणून खिडकीच्या कडेने फोम कोरून लाकडी पट्ट्या चिकटवल्या. चार महिन्यांचे शनिवार-रविवार गॅरेजमध्येच गेले.

ऑक्टोबरात यूटामधल्या ब्राइस कॅन्यनला पोचलो. उंची ८,००० फूट. रात्री बाहेर पाणी गोठलं, आत आम्ही उबेत. पहाटे मात्र आईच्या पांघरुणावर टपटप! सांधा गळला की काय? छातीत धस्स झालं. बॅटरी लावून पाहिलं. सांधे कोरडे होते. थेंब खिडकीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीवरचे, आमच्याच श्वासांचे. थंडीला भिऊन छताचा झरोका मीच बंद केला होता.

"इतकं घट्ट कोंडून घेतात का रे?" आई म्हणाली.

झरोका उघडला. शेगडी बाहेर मांडून चहा केला. समोर उन्हात लाल सुळके उजळले. भेगांत शिरलेलं पाणी गोठून फुगतं, खडक फोडतं. त्यातूनच ते घडलेत. मी पुन्हा एकदा सांध्यांवरून हात फिरवला.

आई कप ठेवत म्हणाली, "पुढच्या वर्षी कुठे?"