दोष आढळला नाही

शेलारहून भिवंडीत शिरायचं तर नदी नाक्यावर कामवारी नदीचा पूल ओलांडावा लागतो. वाड्याकडून येणारे कंटेनर, गोदामांचे टेम्पो, कापडाच्या ताग्यांनी भरलेले छोटे हत्ती, रिक्षा, शाळेच्या बस, सगळं त्या अरुंद जागी येऊन तुंबतं. पावसाळ्यात संध्याकाळी सातच्या सुमारास याच गर्दीत आमची गाडी पहिल्यांदा बंद पडली. गुढीपाडव्याला घेतलेली पेट्रोल गाडी, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा आईने काढू दिलं नव्हतं. आधी समोरच्या काट्यांजवळचे दिवे एकदम पेटले: एबीएसचा, स्टेअरिंगचा, इंजिनचा. स्टेअरिंग दगडासारखं जड झालं आणि इंजिन गप्प. मागे भरलेला कंटेनर होता. त्याच्या ड्रायव्हरने वेळेत ब्रेक दाबला, म्हणून आज हे लिहितो आहे.

मिनिटभराने चावी फिरवली आणि गाडी सुरू झाली, जणू काही घडलंच नव्हतं. घरापर्यंत आली. दुसऱ्या दिवशी कामावर गेली, परत आली. पुढच्या आठवड्यात वंजारपट्टी नाक्याच्या कोंडीत पुन्हा तेच.

गाडी घेतली होती ती वडिलांसाठी. त्यांची बायपास झालेली, तपासणीला ठाण्याला न्यावं लागतं. अंजूरफाटा, काल्हेर, कशेळी या रस्त्याने रिक्षात त्यांचे हाल व्हायचे. आता गाडी होती, पण तिच्यात त्यांना बसवायची मला भीती वाटू लागली. आई रोज विचारायची, “नवी गारी हाय ना रं, मंग अशी बंद कशी परते?” तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि सर्व्हिस सेंटरकडेही नव्हतं. फरक इतकाच की मी तसं कबूल करत होतो.

तिथे दर वेळी तेच व्हायचं. गाडी सावलीत, थंड इंजिन, टेस्टर जोडला जायचा, कोड दिसायचे, ते पुसले जायचे. मग एक मुलगा बायपासच्या गुळगुळीत रस्त्यावर एक चक्कर मारून यायचा. “सर, गाडी ओके आहे.” एकदा बॅटरीचे टर्मिनल घट्ट केले, एकदा सॉफ्टवेअर अपडेट केलं, एकदा पेट्रोलमध्ये पाणी असेल म्हणून पेट्रोल भरायचा पंप बदलायला सांगितलं. त्या दिवसांत पेट्रोलमधल्या वीस टक्के इथेनॉलवर सगळीकडे चर्चा चालू होती, त्यामुळे ते कारण सहज पुढे यायचं. जॉब कार्डवर मात्र माझी तक्रार कधीच माझ्या शब्दांत नसायची. ‘सर्वसाधारण तपासणी’ असं लिहिलेलं असायचं आणि खाली शेरा: दोष आढळला नाही.

त्या मुलांबद्दल माझ्या मनात राग नाही. दिवसाला ठरावीक गाड्या हातावेगळ्या करायच्या असतात. पुरावा नसताना वॉरंटीत सुटा भाग बदलला तर वरून विचारणा होते. पण या सगळ्याचा भार शेवटी ज्याच्या अंगावर गाडी बंद पडते त्याच्यावर येतो, आणि हे मला अजिबात मान्य नाही. चालत्या रहदारीत इंजिन बंद पडलं की पॉवर स्टेअरिंगची साथ सुटते. ब्रेकच्या बूस्टरमध्ये उरलेल्या व्हॅक्यूमवर एक-दोनदाच पेडल नीट दाबलं जातं, मग तेही घट्ट होतं. ही किरकोळ तक्रार नव्हे.

वाट दाखवली ती वडिलांनी. आमच्या घरी पूर्वी यंत्रमाग होते. माग अधूनमधून बंद पडायला लागला की जॉबरला, म्हणजे मागाच्या मिस्त्रीला, बोलवायचे आणि जॉबर आला म्हणून कोणी माग थांबवत नसे. वडील म्हणाले, “बंद मागाला बघून काय समजंल? चालू ठेव न् बाजूला उभा रा.” आमचा जॉबर तसाच उभा राहायचा, धोट्याचा आवाज ऐकत, कधी अर्धा तास. बिघाड त्याच्या डोळ्यांसमोर झाला की मगच पाना हातात घ्यायचा.

मग मीही तेच ठरवलं: बिघाड ज्या परिस्थितीत होतो ती परिस्थिती टिपायची. एक वही केली. तारीख, वेळ, ठिकाण, पाऊस होता का, एसी आणि हेडलाइट चालू होते का, खड्डा लागला होता का. थोड्याच दिवसांत एक गोष्ट स्पष्ट झाली. गाडी मोकळ्या रस्त्यावर कधीच बंद पडत नव्हती. एसी, वायपर, हेडलाइट, ब्रेकचे दिवे असं सगळं एकाच वेळी चालू आणि त्यात हादरा, असं जुळलं की ती हमखास दगा द्यायची.

सोबत गाडीच्या ओबीडी पोर्टला लावायचं छोटं यंत्र घेतलं. काहीशे रुपयांत मिळतं, मोबाइलवर कोड दाखवतं. कोड नोंदला जातो त्या क्षणाचा वेग, इंजिनचे फेरे, तापमान यांची नोंदही गाडीचा कॉम्प्युटर ठेवतो. तिला फ्रीज फ्रेम म्हणतात. कोड पुसला की ही नोंदही जाते. म्हणजे सर्व्हिस सेंटरमध्ये दर वेळी पुरावाच धुतला जात होता. माझ्या मोबाइलवर तीन कोड पुन्हा पुन्हा येत होते: पी ०५६२, यू ०१२१ आणि यू ०१३१. पहिल्याचा अर्थ विजेचा दाब कमी, दुसऱ्याचा एबीएसशी संपर्क तुटला, तिसऱ्याचा पॉवर स्टेअरिंगशी संपर्क तुटला. एबीएस आणि स्टेअरिंग एकाच क्षणी बिघडण्याची शक्यता फार कमी. दोघांना मिळून वीज कमी पडते आहे, हे मात्र पटण्यासारखं होतं.

नदी नाक्याजवळ एक ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत, ट्रकच्या वायरिंगमध्ये आयुष्य गेलेलं. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. वही आणि कोड पाहून त्यांनी एकच विचारलं, “भाई, अर्थ चेक किया किसीने?” अर्थ म्हणजे अर्थिंग. वॉरंटीतल्या गाडीचा एकही बोल्ट मी खोलणार नाही, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. फक्त मीटर लावला. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनला. सगळे दिवे आणि एसी चालू. तिथे दोन-तीन दशांश व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसायला नको. सुरुवातीला तो त्याच्या आतच होता, म्हणजे ठीक. मग मला म्हणाले, इंजिन जरा हलवून धरा. आकडा उसळून एक व्होल्टच्या वर गेला. मी त्याचं चित्रीकरण केलं. पैसे द्यायला लागलो तर ते चहावर भागवा म्हणाले.

कायद्याची बाजू मी याच काळात समजून घेतली, आणि ती प्रत्येक गाडीमालकाला ठाऊक असायला हवी. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. वस्तूच्या गुणवत्तेतली वा मानकातली उणीव म्हणजे ‘दोष’, असं तो मानतो. तक्रार आपण जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. ५० लाखांपर्यंतच्या खरेदीचं प्रकरण जिल्हा आयोगाकडेच चालतं, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. पण नवी गाडी बदलून मिळणं सोपं नाही. एका गाडीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सांगितलं की वॉरंटीने बांधिलकी असते ती सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची, पूर्ण गाडी बदलण्याची नव्हे. दोष निर्मितीतलाच आहे हे दाखवायला बहुतेक वेळा तज्ज्ञाचा अहवाल लागतो. अधूनमधून होणाऱ्या बिघाडात तो कुठून आणायचा? अमेरिकेत कनेक्टिकट राज्याने १९८२ साली वेगळी वाट काढली. एकाच दोषासाठी गाडी ठरावीक वेळा दुरुस्तीला नेऊनही दोष गेला नाही, की मालकाचा बदली गाडीचा किंवा परताव्याचा हक्क उभा राहतो. पुढे बाकीच्या राज्यांनीही असे कायदे केले. तिथे मालकाच्या खेपांनाच पुराव्याचं वजन आहे. आपल्याकडे असा कायदा व्हायलाच हवा असं माझं ठाम मत आहे. तोवर आपल्या खेपांचा पुरावा एकाच कागदावर उरतो, तो म्हणजे जॉब कार्ड.

मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. गाडीच्या कंपनीला वहीची पानं, कोडचे फोटो आणि मीटरचं चित्रीकरण जोडून ईमेल केला. मागणी एकच होती: कंपनीच्या इंजिनिअरने संध्याकाळी माझ्यासोबत गाडीत बसावं, बायपासला नाही, वाडा रस्त्याला.

काही दिवसांनी इंजिनिअर आला. तरुण, शांत स्वभावाचा. भर पावसात शेलारहून अंबाडीच्या दिशेने निघालो, त्याचा लॅपटॉप गाडीला जोडलेला. त्या रस्त्याचे खड्डे आमच्या तालुक्यात कोणाला सांगायला नकोत, त्यांच्यासाठी किती आंदोलनं झाली. पण त्या दिवशी ते कामाला आले. एका मोठ्या खड्ड्यातून चाक वर आलं आणि सगळे दिवे पेटले. इंजिन बंद. गाडी कडेला घेतली. इंजिनिअर स्क्रीनकडे बघत राहिला आणि म्हणाला, “काका, हे खरंच होतंय.” इतके दिवस मला एवढंच कोणाकडून तरी ऐकायचं होतं.

दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर अर्थिंगचा बोल्ट खोलला. बॉडीवर जिथे केबलची चकती बसते तिथला रंग कारखान्यात खरवडलेलाच नव्हता. शिवाय बोल्ट आट्यांत तिरका बसलेला. वीज त्या दोन-तीन आट्यांतून कशीबशी जात होती, हादरा बसला की तीही तुटत होती. रंग घासून लख्ख धातू काढला, आटे साफ केले, केबल आणि बोल्ट नवे घातले, टॉर्क पान्याने आवळले. काम तासाभराचं होतं. त्यानंतर एक पूर्ण पावसाळा गेला, ते कोड परत आले नाहीत. वडील आता पुढच्या सीटवर बसून ठाण्याला येतात.

बिल शून्य होतं, पण मी जॉब कार्ड वाचल्याशिवाय गाडी घेतली नाही. ‘गाडी चालताना बंद पडते, अर्थिंगच्या जागी रंग आढळला, केबल व बोल्ट बदलले’ असं लिहून घेतलं आणि शिक्क्यासह प्रत घेतली.

तुमची गाडी अशी अधूनमधून दगा देत असेल तर गाडी आत देण्याआधी तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या, किलोमीटरसकट. कोड पुसण्याआधी त्यांची प्रत मागा. दोष सापडला नाही तर ‘तक्रार कायम आहे’ असं तुमच्या सहीने कार्डावर लिहा. वॉरंटी असताना बाहेर काही खोलू देऊ नका, मोजमाप मात्र जरूर करून घ्या. आयोगात जायची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, ती वाट पाहण्यात घालवू नका.