लंडनमधला पाण्याचा जिना

मालवाहू बोटी गेल्या, घोडेही गेले; तरीही दोनशे वर्षांचा रीजंट्स कालवा आज नांदता आहे.

लंडनला जाणारा पर्यटक टेम्स नदी पाहतो, टॉवर ब्रिजवर फोटो काढतो आणि परततो. याच शहराच्या वस्तीमधून पाण्याची आणखी एक वाट जाते, हे अनेकांच्या गावीही नसते. ही वाट म्हणजे रीजंट्स कालवा. पश्चिमेला पॅडिंग्टनजवळच्या ‘लिटल व्हेनिस’पासून निघून सुमारे १४ किलोमीटरनंतर पूर्वेला लाइमहाउस येथे तो टेम्सला मिळतो. त्याचा कॅम्डेनपर्यंतचा भाग १८१६ मध्ये आणि उरलेला १८२० मध्ये सुरू झाला.

दोन्ही बाजूंनी झिजलेले खांब

लिटल व्हेनिसहून निघालेली बोट एका बोगद्यातून बाहेर पडते आणि रीजंट्स पार्कच्या झाडीत शिरते. इथेच मॅकल्सफील्ड पूल आहे. बिडाच्या जाड खांबांवर उभा असलेला हा पूल पाहून कोणालाही वाटणार नाही की, तो एकदा पार उडाला होता. २ ऑक्टोबर १८७४ च्या पहाटे ‘टिलबरी’ नावाची बोट त्याच्याखालून जात असताना तिच्यातील सुमारे पाच टन बंदुकीच्या दारूचा स्फोट झाला. बोटीवरचे तिघेही जण ठार झाले आणि पूल कोसळला. तेव्हापासून लोक त्याला ‘उडालेला पूल’ म्हणू लागले.

खांब मात्र शाबूत होते. पूल पुन्हा बांधताना तेच वापरले, फक्त फिरवून बसवले. पूर्वी काठावरून चालणारे घोडे दोराने बोटी ओढत. त्या दोरांच्या घर्षणाने लोखंडात खोल खाचा पडल्या होत्या. खांब फिरवल्यावर नव्या बाजूलाही तशाच खाचा पडल्या. म्हणूनच आज त्या दोन्ही बाजूंना दिसतात.

पाणी जपण्याची युक्ती

कॅम्डेनपर्यंत कालवा सपाट जातो. तिथून टेम्सपर्यंत मात्र जमीन सुमारे २६ मीटर उतरते. बोट उतारावरून घसरत नेता येत नाही, म्हणून या टप्प्यात १२ लॉक, म्हणजे जलपाश बांधले आहेत. लॉक हा दोन्ही टोकांना दरवाजे असलेला दगडविटांचा हौद. उतरणारी बोट भरलेल्या हौदात शिरते आणि मागचे दरवाजे बंद होतात. मग बोटीवरचाच कोणीतरी काठावर उतरून हँडल फिरवतो. खालची झडप उघडते, पाणी निघून जाते आणि बोट अलगद खाली येते. पुढचे दरवाजे लांब लाकडी दांड्याला पाठ लावून ढकलावे लागतात. या कामाला ना बटण, ना वीज.

मात्र प्रत्येक खेपेला वरचे दोन लाख लिटरच्या आसपास पाणी खाली जाते. यावर उपाय म्हणून मूळ बांधणीत एकाला एक लागून दोन हौद ठेवले होते. एक रिकामा होताना त्याचे काही पाणी दुसऱ्यात घेता येई. तेवढ्यानेही भागेना, तेव्हा १८३५ मध्ये ब्रेंट नदी अडवून जलाशय बांधला गेला. आज जोडहौद फक्त कॅम्डेनच्या पहिल्या लॉकवर उरला आहे. तरीही समोरून बोट येत असेल तर थांबावे, दोन बोटी शेजारी शेजारी एकाच हौदात न्याव्यात, निघताना झडपा नीट बंद कराव्यात, हा रिवाज कायम आहे. एकाचा निष्काळजीपणा पाठच्या सर्वांना भोवतो.

चालते-फिरते घर

१९६० च्या दशकाच्या अखेरीस इथली मालवाहतूक थांबली, पण कालवा बुजवला गेला नाही. १९७९ मध्ये काठच्या पायवाटेखालून उच्च दाबाच्या विजेच्या केबल टाकल्या गेल्या आणि त्या थंड ठेवण्यासाठी कालव्याचेच पाणी वापरले गेले.

आता इथे बोटींमध्ये संसार थाटलेले आहेत. साधारण सात फूट रुंदीच्या या अरुंद बोटीत स्वयंपाकघर, शेगडी, बिछाना सगळे एका ओळीत बसवलेले असते. लंडनची घरभाडी न परवडणाऱ्या अनेकांनी हा मार्ग धरला आहे. परंतु ज्यांच्याकडे कायमची नांगरण्याची जागा नाही, त्यांना १९९५ च्या कायद्यानुसार एका ठिकाणी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. शाळा आणि नोकरी एका जागी, घर मात्र सरकत राहते! एप्रिल २०२४ पासून अशा बोटींना परवान्यासाठी जादा आकारही द्यावा लागतो. जुने दरवाजे आणि काठ राखायला पैसा हवाच. पण ज्यांच्यामुळे कालवा जागता राहिला, त्यांनाच तो महाग झाला तर काय, हा बोटवाल्यांचा सवाल रास्त आहे.

पाहायला जाल तेव्हा

लिटल व्हेनिससाठी वॉर्विक अव्हेन्यू आणि लॉक पाहण्यासाठी कॅम्डेन टाउन ही भुयारी रेल्वेची स्थानके सोयीची आहेत. दोन्हींच्या दरम्यान काठाने चालत जाता येते. किंग्ज क्रॉसजवळ १९९२ पासून कालव्याचे संग्रहालयही आहे.

किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाचे घर पाहायला अनेक मराठी कुटुंबे जातात. तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहत होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते घेऊन स्मारक केले. कॅम्डेनचे लॉक तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. एखादी बोट उतरत असेल तर घाई न करता पाहावे आणि विचारून दांडा ढकलायला हातही लावावा. बोटवाल्यांना अशी मदत सहसा आवडते.