“थोडक्यात वाचलात” म्हणण्यापूर्वी

मोटरचा शॉक बसलेला माणूस उठून पुन्हा पाणी धरायला गेला, की आपण म्हणतो, “थोडक्यात वाचलात!” मीही एका शेतकऱ्याला असेच म्हणालो होतो. ओल्या हाताने स्टार्टरची पेटी उघडताना त्यांना झटका बसला. तळहातावर हरभऱ्याएवढा डाग, बाकी काही नाही.

दोन महिन्यांनी त्यांच्या घरी गेलो. पत्नी म्हणाली, “साहेब, ह्यांच्या हातातून विळा गळून पडतो. बोटांना मुंग्या येतात. पोरांवर उगाच खेकसतात.” घरचे त्यांना कामचुकार म्हणू लागले होते. डॉक्टरांनी तपासले, तेव्हा कळले की शॉकने हाताच्या नसा दुखावल्या होत्या.

वीज कातडीवर लहानसा डाग ठेवते आणि आत नसा व स्नायू भाजते. म्हणून जखमेवरून इजेचा अंदाज करू नये. बधिरपणा, अशक्तपणा, विसराळूपणा, चिडचिड ही लक्षणे कधी काही महिन्यांनीही दिसतात. क्वचित पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूला इजा होऊन पायांतले बळही जाते.

तेव्हा शॉक बसलेल्याला त्याच दिवशी दवाखान्यात न्या. हृदयाचा आलेख काढून घ्या. तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि पुढे त्रास झाला तर डॉक्टरांना ती आवर्जून सांगा. मेन स्विच बंद केल्याशिवाय पेटीला हात लावू नका.

मी आता “थोडक्यात वाचलात” म्हणत नाही. “दवाखान्यात जाऊन आलात का?” एवढेच विचारतो.