तांदळाच्या पिठाची रेघ

आज दुकानात वारली चित्रांचे मग पाहिले. छापील, सगळे एकसारखे. तारपा वाजवणाऱ्याभोवतीचा फेर होता, पण नाचात जीव नव्हता. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे आठवले. लग्नाचा चौक, म्हणजे भिंतीवरचं विधीचं चित्र, लिहिणं हे मूळचं सवाशिणींचं काम. डहाणूकडच्या या माणसाने तीच रेघ कागदा-कापडावर आणली, लग्न असो-नसो. तांदळाचं पीठ, बांबूची काडी, शेणाने सारवलेलं कापड. एवढ्याच साहित्यात त्यांचं मासेमारीचं जाळं असं विणलं जातं की नजर अडकून पडते! २००३ मध्ये ड्युसेलडॉर्फला रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलावंताच्या बरोबरीने त्यांची चित्रं लागली. २०११ मध्ये पद्मश्री. दुकानातला तो छापील मग हवा तर खुशाल घ्या. भिंतीसाठी चित्र घ्याल तेव्हा मात्र खाली चित्रकाराची सही आहे का बघा, आणि भावात घासाघीस करू नका.