गिंडीच्या तळ्यात गवत्या

दिवाळीच्या सुमारास महाराष्ट्रातला पाऊस आटोपलेला असतो. चेन्नईत तो याच दिवसांत जोर धरतो. वर्षाकाठी तिथे साधारण १४०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला निम्म्याहून अधिक ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत. शहराच्या दक्षिण भागातल्या गिंडीत या पावसाची वाट पाहणारी बरीच तळी आहेत. गिंडी राष्ट्रीय उद्यान जेमतेम पावणेतीन चौरस किलोमीटरचे, पण त्यात अप्पळम कुळम आणि काठन कोल्लै अशी दोन मोठी तळी आहेत. १९५९ मध्ये याच जंगलाचा एक तुकडा आयआयटीला मिळाला. त्या आवारातही तळे आहे. आणि २०२४ मध्ये राज्य सरकारने गिंडी रेसकोर्सची जमीन ताब्यात घेतल्यावर पावसाचे पाणी मुरवायला तिथे नवी तळी खोदली गेली.

याशिवाय गिंडी, अड्यार, कोट्टूरपुरम भागातल्या जुन्या बंगल्यांच्या आवारात हौसेने बांधलेली छोटी तळी असतात. चार कमळे, दोन-चार रंगीत मासे, काठाला केळ. पहिले वर्ष छान जाते. दुसऱ्या वर्षी फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात पाणी तापले की तळाशी हायड्रिला वाढू लागते, वर लेम्नाचा हिरवा थर पसरतो आणि बघता बघता पाणी दिसेनासे होते. मग माळी, शेजारी, मासेविक्रेता असे सगळे एकच उपाय सुचवतात: गवत खाणारा मासा सोडा.

सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे. हा मासा मोठ्या कामाचा आहे. मात्र त्याला काय खायला मिळणार, किती पाण्यात तो राहणार आणि ते पाणी पुढे कुठे जाणार, हे ठरल्याशिवाय तो तळ्यात सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ग्रास कार्प म्हणजे आपल्याकडच्या मत्स्यशेतकऱ्यांचा गवत्या. आमूर नदीपासून व्हिएतनामपर्यंतचा पूर्व आशिया हे त्याचे मूळ घर. १९५९ मध्ये हाँगकाँगहून त्याची काही शे पिल्ले कटकच्या संशोधन उपकेंद्रात आणली गेली. हा मासा बंद तळ्यात अंडी घालत नाही. त्याला लांब पल्ल्याची, पुराने फुगलेली, वाहती नदी लागते, कारण त्याची अंडी प्रवाहाबरोबर वाहत वाहत उबतात. पण भारतात १९५७ मध्येच हिरालाल चौधुरी यांनी पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचे प्रेरित प्रजनन साधले होते. तेच तंत्र १९६२ मध्ये गवत्यावर यशस्वी झाले आणि त्याचे बीज देशभर मिळू लागले. कटला, रोहू, मृगळ या आपल्या तिघांबरोबर चंदेरा, सायप्रिनस आणि गवत्या असे सहा मासे एकाच तळ्यात वाढवायचे, ही मिश्र मत्स्यशेतीची पद्धत त्यातूनच रुजली. महाराष्ट्रातल्या शेततळ्यांतही बोटुकली सोडताना गवत्याचा वाटा राखलेला असतो. प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात गवत उगवत नाही, तेव्हा शेतकरी नेपिअर गवत किंवा कोबीचा पाला कापून टाकतात.

गवत्याचे तोंड उघडून पाहिले तर जबड्यावर दात दिसत नाहीत. दात आहेत ते आत, घशात, दोन्ही बाजूंना, आणि त्यांच्या कडांना खोल खाचा असतात. हायड्रिलाचा शेंडा ओठांत धरून तो खाली ओढतो, मग घशातल्या त्या खाचदार दातांनी पाने रगडून फाडतो. सशक्त मासे चरत असले की शांत वेळी काठावर बसून हे चघळणे ऐकूही येते. गायी-म्हशींसारखे लांबलचक आतडे मात्र त्याच्याकडे नाही. शरीराच्या दुप्पट-तिप्पट लांबीच्या आतड्यातून चारा भराभर पुढे सरकतो आणि खाल्लेल्यातला जवळपास निम्मा भाग न पचताच बाहेर पडतो. पचन अर्धेमुर्धे, म्हणून भूक प्रचंड. पाणी कोमट असेल तर तरुण मासा दिवसाला स्वतःच्या वजनाइतका, कधी त्याहूनही जास्त, ओला चारा फस्त करतो. थंड देशांत हिवाळ्यात त्याचे खाणे मंदावते. चेन्नईत तशी विश्रांती नाही. तिथले पाणी बाराही महिने उबदार असते.

अगदी लहान पिल्ले मात्र वनस्पती खात नाहीत, पाण्यातले सूक्ष्म प्राणी खातात. बोटाएवढी झाल्यावर त्यांचा कल पाल्याकडे वळतो. म्हणून तण काढण्यासाठी मत्स्यजिरे आणून उपयोग नाही. चांगली मोठी बोटुकली लागते, तीही बगळे, पाणकावळे आणि मोठ्या शिकारी माशांपासून वाचेल अशी.

आता त्याच्या आवडीनिवडी. हायड्रिला, नाजास, सेरॅटोफायलम या पाण्याखालच्या मऊ वनस्पती त्याला प्रिय. लेम्ना, वुल्फिया, अझोला ही पाण्यावर तरंगणारी बारीक हिरवळही तो आवडीने खातो. परंतु ज्या वनस्पतीमुळे सगळे हैराण आहेत, तिला तो सहसा तोंड लावत नाही. ती म्हणजे जलपर्णी. पुण्यात मुळा-मुठेवर आणि मुंबईत पवई तलावावर पसरते तीच जांभळ्या फुलांची वनस्पती अड्यार नदीवरही दिसते. दक्षिण अमेरिकेतून ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतात आली. तिच्या जाड, फुगीर देठांत कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक असतात. पाण्यावर तरंगणाऱ्या पिस्टियातही ते असतात. समोर मऊ हायड्रिला असताना गवत्या तिकडे वळत नाही. जलपर्णीसाठी उपाय वेगळा आहे: निओकेटिना जातीचे दोन भुंगेरे. बंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेने ते १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आणले, तपासले आणि सोडले. ते पाने कुरतडतात, त्यांच्या अळ्या देठ पोखरतात. पण त्यांना वर्षे लागतात आणि मधेच कोणी फवारणी केली तर सगळे मुसळ केरात. घरच्या तळ्यात जलपर्णी असेल तर सरळ हाताने उपसून, वाळवून खत करावे. त्यासाठी ना मासा लागतो, ना भुंगेरा.

परसातल्या तळ्यांत हा मासा मोठ्या प्रमाणावर वापरून पाहिल्याचे खरे उदाहरण गिंडीत नाही, केरळात आहे. आलप्पुळा जिल्ह्यातल्या चेर्तला भागात घरोघरी तळी आहेत. तिथे ब्रुगिया मलायी या कृमीमुळे होणारा हत्तीरोग ठाण मांडून बसला होता. तो पसरवणाऱ्या मॅन्सोनिया डासाची अळी हवा घ्यायला पाण्याच्या पृष्ठभागावर येत नाही; ती आपली श्वासनळी पिस्टियासारख्या पाणवनस्पतींच्या मुळांत खुपसते आणि तिथूनच हवा घेते. म्हणजे वनस्पती गेली की अळीचा श्वास बंद. पुदुच्चेरीच्या रोगवाहक कीटक नियंत्रण संशोधन केंद्राने १९८० च्या दशकात तिथे काम सुरू केले. शाळांमधून फिल्को नावाची विद्यार्थी मंडळे उभी राहिली. लोकांनी आधी हातांनी तळी उपसली आणि त्यानंतर गवत्यासह कार्प मासे सोडले. एकदा तळ्यातून मासळीचे पैसे यायला लागले की ते स्वच्छ ठेवण्यात मालकाचाच फायदा होतो, हा त्यामागचा विचार. तिथे मासा एकटा लढला नाही. आधी माणसाचे हात, मग मासा, आणि दोघांच्या मागे घरचा हिशेब, असा तो क्रम होता. परसातल्या तळ्याविषयी चेर्तलाहून चांगला धडा मला ठाऊक नाही.

आकड्यांकडे येऊ, कारण सगळ्यात मोठी गफलत तिथेच होते. तण आटोक्यात ठेवण्यासाठी अमेरिकेत सर्वसाधारणपणे एकरी ५ ते २० गवत्ये सोडायला सांगतात. एकर म्हणजे ४० गुंठे. तेव्हा वरचा आकडा धरला तरी दोन गुंठे पाण्याला एक मासा पडतो. बंगल्यातले तळे २० फूट बाय १५ फुटांचे असेल तर ते पाव गुंठ्याच्या थोडे वर जाते. म्हणजे या हिशेबाने तिथे एक मासासुद्धा जास्तच. तरी दुकानातून पिशवीत दहा-बारा पिल्ले आणून सोडली जातात. ती दिसायला लहान, म्हणून कुणाला वाटत नाही. पण चांगला चारा मिळाला तर वर्षभरात ती किलोच्या पुढे जातात आणि पूर्ण वाढलेला गवत्या मीटरभर लांब होतो. हायड्रिला संपली की ते कमळाची कोवळी पाने, काठावरून पाण्यात वाकलेले गवत, जे मिळेल ते खातात.

आणि तण संपले म्हणजे काम संपले असेही नाही. वनस्पतींनी धरून ठेवलेले नत्र आणि स्फुरद माशाच्या विष्ठेतून पाण्यात मोकळे होते. त्यावर सूक्ष्म शैवाल पोसते आणि पाणी गर्द हिरवे होते. रात्री हे शैवालही प्राणवायू वापरते. त्यामुळे पहाटेच्या आधी प्राणवायू तळाला जातो आणि मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडझाप करू लागतात. ही खूण ज्याने एकदा ओळखली तो धावपळ करून ताजे पाणी सोडतो. ज्याला कळत नाही त्याला सकाळी मेलेले मासे गोळा करावे लागतात. शिवाय हायड्रिलाचे कंद चिखलात वर्षानुवर्षे जिवंत राहतात. मासे काढून घेतले की ती पुन्हा वर येते.

अतिरेकाचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतले आहे. टेक्सासमधल्या ह्यूस्टनजवळच्या लेक कॉनरो जलाशयात हायड्रिलाने हजारो एकर पाणी व्यापले होते. १९८१-८२ मध्ये तिथे सुमारे २ लाख ७० हजार गवत्ये सोडले. १९८३ च्या अखेरीस पाण्याखालची वनस्पती शोधून सापडेना. हायड्रिला तर गेलीच, पण तिच्याबरोबर लहान माशांचा आसराही गेला, आणि शैवाल वाढून पाण्याचा नितळपणा कमी झाला. पुढे अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी फक्त वंध्य, म्हणजे गुणसूत्रांचे तीन संच असलेलेच, गवत्ये परवाना घेऊन सोडण्याचा नियम केला. तोवर काही मासे नद्यांत पोचले होते आणि मिसिसिपीच्या खोऱ्यात त्यांची नैसर्गिक पैदासही सुरू झाली होती. यातली एक गोष्ट भारतीय वाचकाने लक्षात ठेवण्यासारखी: हायड्रिला तिकडे उपरी आहे. आपल्याकडे ती इथलीच आहे. आपल्या पाणथळींत तिच्यावर वारकरी आणि बदके पोसली जातात, तिच्या दाटीत माशांची पिल्ले लपतात. तिच्या वाढीचा अतिरेक होतो तो बहुतेक वेळा सांडपाण्यामुळे, आणि तो दोष माशाने निस्तरता येत नाही.

म्हणून गिंडी उद्यानातल्या तळ्यांत गवत्या सोडण्याची कल्पना कोणी मांडली तर तिला ठाम नकारच द्यायला हवा. ती तळी काळविटांची, चितळांची, बेडकांची, पाणपक्ष्यांची आहेत. राष्ट्रीय उद्यानाच्या अधिवासात मनाला येईल तसा बदल करण्याची कायद्यानेही मुभा नाही, आणि २०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीव संरक्षण कायद्यात परक्या आक्रमक जातींच्या नियमनाची तरतूद आली आहे. रेसकोर्सच्या नव्या तळ्यांचा प्रश्न अधिक नाजूक. ती खोदली आहेत वेळच्चेरीकडे धावणारे पाणी अडवण्यासाठी. पण डिसेंबर २०१५ चा किंवा डिसेंबर २०२३ मधल्या मिचौंग वादळाचा पाऊस ज्याने पाहिला, त्याला चेन्नईत कोणतेही तळे बंद नसते हे सांगायला नको. वेळच्चेरीच्या पलीकडे पळ्ळिकरणैची पाणथळ आहे, २०२२ मध्ये रामसर यादीत गेलेली. तिथे गवत्याची वीण होण्याची शक्यता कमी. पण हा मासा दहा-बारा वर्षे सहज जगतो, आणि तितकी वर्षे तो तिथे चरत राहील.

पुराबरोबर काय सुटते, हे चेन्नईने आधीच अनुभवले आहे. कोळत्तूर हा तिथला शोभिवंत माशांचा मोठा बाजार. काचेच्या टाकीतले शैवाल खातो म्हणून विकला जाणारा सकर मासा टाकीत मावेनासा झाला की लोक त्याला जवळच्या तळ्यात सोडतात. अंगावर हाडांचे कवच, कोणी खाईना, काठात बिळे करून वीण वाढवतो, जाळी फाडतो. आपल्या उजनीतल्या मच्छीमारांनाही त्याची ओळख पटली आहे. त्याच्या कितीतरी आधी, १९५२ मध्ये, चिलापी भारतात आणली गेली. तमिळनाडूच्या अमरावती जलाशयापासून उजनीपर्यंत तिने काय केले, ते कोणत्याही मासळी बाजारात दिसते. गवत्या या दोघांइतका उपद्रवी नाही, कारण तळ्यात त्याची वीण होत नाही. त्याच्या बाजूने सांगण्यासारखी हीच सर्वांत मोठी गोष्ट आहे.

देशी पर्याय आहे का? दख्खनच्या नद्यांतला हिप्सेलोबार्बस पुल्चेलस हा मोठा बार्ब पाणवनस्पती खातो. धरणे आणि बेसुमार मासेमारी यांनी तो दुर्मीळ केला. बंगळुरूजवळच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेच्या केंद्रात त्याच्या प्रजननावर काम झाले आहे. त्याचे बीज मुबलक झाले, तर कृष्णेच्या खोऱ्यातल्या तळ्यांत गवत्याऐवजी तोच सोडावा असे मी म्हणेन. मत्स्यखात्यांनी यासाठी पैसा आणि माणसे द्यायला हवीत.

ज्यांच्या दारात तळे आहे, त्यांनी या पावसाळ्यानंतर एवढे करावे. लांब दांड्याचे दाताळे पाण्यात टाकून तण बाहेर काढा आणि ओळखा. एका पेरावर चार-आठ पाने, कडा खरखरीत, मुळे चिखलात, तर ती हायड्रिला. पाने दुभंगलेली आणि मुळेच नाहीत, तर सेरॅटोफायलम. फुगीर देठांची जलपर्णी किंवा पिस्टिया असेल तर माशाचा विचार सोडा. अर्धे तण हाताने काढा. तळे दोन गुंठ्यांहून लहान असेल तर हाताचेच काम पुरेसे आहे, दर पंधरवड्याला अर्धा तास. मोठे असेल तर सरकारी मत्स्यबीज केंद्रातून मोजकी, मोठी बोटुकली आणा, सांडव्यावर बारीक जाळी पक्की बसवा, आणि मासा मोठा झाला की काढून खा किंवा कुणाला द्या. नदीत, ओढ्यात, दुसऱ्याच्या तळ्यात तो कधीही सोडू नका.