आसरा

लोहाऱ्याकडं जाताना एका विहिरीपाशी गाडी थांबवली. काठावर शेंदूर फासलेले सात दगड, पुढ्यात हिरव्या बांगड्या, सुकलेलं लिंबू. शेजारच्या पत्र्याच्या शेडवर निळ्या रंगात ठसठशीत लिहिलेलं : 'आसरा'. रंगवणाऱ्याच्या मनात निवारा होता की काठावरच्या साती आसरा, कोण जाणे. अंग टाकावं तोही आसरा, आणि भर दुपारी माणसाला पाण्यात ओढतात म्हणे, त्याही आसराच. एक शब्द आश्रयातून आला, दुसरा अप्सरांमधून. आमच्याकडं दोघांची वस्ती शेजारी-शेजारी.

आत्याचं माळवद आठवलं. मातीत रचलेल्या दोन हात रुंद दगडी भिंती, वर तुळया, फळ्या आणि पांढरी माती. गळू नये म्हणून दर साली मृगाआधी वर नवी माती पडायची. जुनी कुणी काढत नसे. आजोबांची माती, पणजोबांची माती, सगळी डोक्यावर. पण वैशाखातही आत रांजणासारखा गारवा! सिमेंटच्या खोल्यांना मी घर म्हणतो ते नाइलाजानं. रझाकारांच्या धामधुमीत कैक माणसं हद्द ओलांडून बार्शीकडं गेली. सप्टेंबर १९४८ मध्ये फौज सोलापूरकडून नळदुर्गात शिरली, निजामी संपली, आणि माणसं परतली ती असल्याच भिंतींच्या आड.

३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. अनंत चतुर्दशीचे गणपती बोळवून गावं नुकती निजली होती. किल्लारीचं नाव जगभर झालं. इकडं सास्तूरही गेलं. पिढ्यांची माती एकदम खाली आली.

गाय व्यायला झाली म्हणून आत्या त्या रात्री गोठ्यात होती. गोठ्यावर पत्रा. मामा घरात होते.

पुढं नव्या गावठाणात तिला घर मिळालं. सरळ रेषेतले रस्ते, ओळीनं सारखी घरं. तिनं आत ज्वारीची पोती लावली, शेळी बांधली आणि बाज अंगणात टाकली. पाऊस आला की पत्र्याखाली ओढायची, उघडला की पुन्हा बाहेर. एकदा थंडीत मी म्हटलं, "आत्या, आत नीज की गं."

"तू नीज. मला वरचं दिसाया पाहिजे."

गाय त्या रात्री व्यालीच नाही. चार दिवसांनी व्याली, उघड्यावर, पावसात.